नावेतून उतरण्याची रीत

अहेरीहून सिरोंच्याला जाणाऱ्या नावेत बसायच्या जागा ठरलेल्या असत, आणि त्या पैशाने मिळत नसत. मागच्या टोकाला, नावाड्याच्या पायाशी, जिथे तळात पाणी साचत नाही आणि वर बांबूच्या चटईचं छप्पर असतं, ती जागा जुन्या माणसांची. मधे मिठाची न् तंबाखूची पोती. आणि पुढे, जिथे ऊन, शिंतोडे न् वल्ह्यांचे धक्के, तिथे आमच्यासारखे नवे. पहिल्या खेपेला मला वाटलं, थोडं जास्त भाडं दिलं तर मागे बसू देतील. तसं मी नावाड्याला विचारलंही. त्याने नदीवरची नजर न काढता म्हटलं, "पैसे देऊन बसाचं असन तं मोटरीत बस ना, जी." पावसाळा संपून कितीतरी दिवस झाले तरी सिरोंच्याच्या वाटेवर मोटर जात नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नावेतली माणसं हसली. मीही हसलो, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मी कोकणातला. वडील गेले आणि माझी शाळा पाचवीतच सुटली. गावच्या एका गृहस्थाने लाकडाच्या ठेकेदाराकडे चिकटवून दिलं म्हणून एवढ्या लांब चांदा जिल्ह्यात आलो. राज्यांची नवी वाटणी अजून व्हायची होती. आमची नाव चाले त्या प्राणहितेच्या पलीकडच्या काठाला लोक 'हैदराबाद'च म्हणत. पहिल्याच हिवाळ्यात मला मलेरियाने लोळवलं. तेव्हा त्या ठेकेदाराने, आमच्या शेठनं, मला घरी धाडून दिलं नाही. आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं, आणि त्याच्या बायकोने माझ्यासाठी वेगळी पेज शिजवली. तेव्हापासून हा माणूस आपल्याला काढून टाकील ही भीती, आणि याचे उपकार कसे फिटतील ही काळजी, या दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या करता आल्या नाहीत. झोपेतसुद्धा मी उशाखालच्या गोदामाच्या किल्ल्या चाचपत असे.

त्या कार्तिकात शेठनं माझ्या हाती एक हातोडा दिला. सिरोंच्याच्या डेपोवर आमचे सागाचे ओंडके तराफे बांधून तयार होते. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर मालकाचा छाप उठल्याशिवाय जंगल खात्याचा रेंजर आपला छाप मारत नसे, आणि त्याच्या छापाशिवाय तराफा पाण्यात सुटत नसे. छाप म्हणजे हातोडाच. तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली, ठोकला की लाकडात सुलटी उमटतात. आमचा जुना हातोडा झिजून गेला होता. चांद्याच्या लोहाराकडून घडवलेला नवा हातोडा रेंजर यायच्या आत सिरोंच्याला पोचवायचा, एवढंच काम. पण नदी रोज उतरत होती. रेंजर एकदा येऊन गेला की पुन्हा येईपर्यंत खालच्या अंगाचे खडक उघडे पडले असते, आणि सगळ्या हंगामाचं लाकूड काठावर पडून राहिलं असतं. शेठनं हातोडा देताना मला काहीच बजावलं नाही. बजावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी तो धोतरात गुंडाळून गाठोड्याच्या मधोमध ठेवला आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसलो.

मागच्या जागेवर नावाड्याच्या डाव्या हाताला एक बांगड्यावाली बसायची. वयाने माझ्या आईएवढी. काठाकाठाच्या गावांत उतरून बायकांना बांगड्या भरायची, बदल्यात पैसे थोडे आणि धान्य जास्त घ्यायची, आणि परतीच्या नावेने वर यायची. तिचं सगळं वर्ष या नदीवर जात असे. मला दोन खेपांपासून ती पाहत होती. या खेपेला तिने मला खुणेने मागे बोलावलं. जागेवर नव्हे, जागेच्या कडेला.

"तू हरेक घाटाले मान काढून पाहून राह्यला," ती म्हणाली. "काय पाह्यतं?"

"काही नाही, बाई. इथे आत काय असेल, असं वाटतं."

"मंग उतरून पाह्य ना."

"नाव निघून गेली तर?"

तंबाखूचा व्यापार करणारा एकजण पोत्याला टेकून बसला होता. तो म्हणाला, "थो समुद्रावरचा मानूस आहे, बाई. पान्यावरून उतरला तं सुकते."

"तू गप रे. तू तं वीस वर्सं झाले, पोत्यावरून बी नाई उतरला."

मग तिने मला नदी सांगायला सुरुवात केली. कोणी विचारावं याची ती वाटच बघत असावी. पुढच्या घाटाला उतरू नको, चिखल मांडीपर्यंत आहे. जुन्या माणसाला नावाडी पाठीवर घेऊन नेतो, तुला नाही नेणार. त्याच्या पुढच्या घाटाला झरा आहे, तिथे पाणी भरून घे, नदीचं पिऊ नको. दही खायचं तर हैदराबादच्या काठावर खा, तिकडच्या म्हशी मोठ्या. बाजार लागला असेल तर आल्या आल्या भाव विचारायचा नाही. आधी बसायचं, पाणी मागायचं, पाणी दिलं की मग विचारायचं. एका गावच्या पाटलाच्या विहिरीत पांढरं कासव आहे, पण ते बायकांनाच दिसतं.

"खरंच?"

"मले दिसलं. तुले दिसते का पाह्य, मंग समजन."

मी विचारलं, या मागच्या जागेसाठी किती खेपा कराव्या लागतात. ती म्हणाली, खेपा कोणी मोजत नाही. खडकांपाशी नाव रिकामी करून दोरानं खाली सोडावी लागते, तेव्हा दोर कोणी धरला हे नावाडी ध्यानात ठेवतो. नाव वाळूवर बसली आणि दाणे संपले, तेव्हा आपली पिशवी कोणी सोडली, हेही. "थ्याचं मन भरलं का थो आपोआप म्हंते, इकडं सरक." एकदा तसं म्हटलं, की पुष्कळ गोष्टी मिळतात. छपराखाली झोप मिळते. नावाड्याच्या स्वतःच्या तुंब्यातलं पाणी मिळतं. आणि सगळ्यात मोठा मान चुलीचा. दुपारच्या थांब्याला काठावर चूल पेटवायची ती जुन्या माणसांनीच. नव्यांनी आपलं मुरमुरे नाहीतर शिळी भाकर खायची. आणि जुन्या माणसाचं अन्न चुलीवर असेपर्यंत नाव सोडत नाहीत. अर्धं शिजलेलं उचलायला लावलं तर नाव बुडते, अशी त्यांची समजूत.

हे सगळं मला फार आवडलं. आमच्या कोकणच्या आगबोटीवर वरच्या वर्गाचं तिकीट काढणाऱ्याला सलाम होत असे. इथे तिकीटच नव्हतं, आणि तरी माणसं पायरीपायरीने मागे सरकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव एका लहान घाटाला लागली. मिठाची पोती उतरवायची होती. बांगड्यावाली म्हणाली, "इथी उतर. येळ लागते मिठाले. आत माळावर दगडाचे झाडं आहेत."

"दगडावर वाढलेली?"

"दगडावरचे नाई. दगडाचे. पडून आहेत. पाह्यल्यावर झाड, हात लावला तं गोटा. तू लाकडाच्या धंद्यातला आहेस ना? पाहून ये, आन सांग मले साग आहे का काय आहे. मले इतले वर्सं झाले समजून नाई राह्यलं."

एवढं ऐकल्यावर मी नावेत बसून राहणं शक्यच नव्हतं. मी गाठोडं उचललं, खांद्याला मारलं आणि उतरलो. ती तेव्हा कोणा बाईला बांगड्या दाखवत होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आईने मला गावाहून निघताना एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे गाठोडं हातातून सोडायचं नाही. आगबोटीवरून पडावात, काठाला नेणाऱ्या लहान होडीत, उतरताना ज्याने सामान सोडलं, त्याचं गेलं. आणि या गाठोड्यात तर हातोडा होता.

वाटेत एक शेतकरी भेटला. त्याला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं. मी जमिनीवरचा दगड दाखवला, मग एक झाड दाखवलं, मग दोन्ही हात आडवे केले. तो मोठ्याने हसला आणि "चेट्टू, चेट्टू" म्हणत पुढे चालू लागला. चेट्टू म्हणजे झाड, हे मला नंतर कळलं.

माळावर ती खरंच पडलेली होती. लांबून पाहिलं तर कोणी ठेकेदाराने तोडून, कापून, गाडीची वाट पाहत टाकलेली लाकडं वाटावीत. जवळ गेलो तर साल होती. सालीच्या भेगा होत्या. एका ठिकाणी फांदी तुटल्याची गाठ होती, आणि तुटलेल्या तोंडावर वर्तुळात वर्तुळ, अगदी आमच्या डेपोवर असतात तशी. मी सवयीने वाकून वास घेतला. सागाला तोडल्यावर चामड्यासारखा वास येतो, तो वर्षभर जात नाही. याला पावसानंतरच्या खडकाचाही वास नव्हता. नख लावलं, नख घसरलं. शेतकऱ्याने आपला विळा काढून त्या खोडावर दोनदा घासला, मला धार दाखवली. त्याच्या घरची पिढ्यान्पिढ्यांची सहाण ती.

ही झाडं उभी असताना इथे नदी होती का? ती पाहायला कोण होतं? लाकडाचा दगड होतो, तर किती पाऊस त्यावर पडावा लागतो? मी खोडावर बसून राहिलो. पाचवीपर्यंत मला कोणी असं काही सांगितलं नव्हतं, आणि पुढच्या इयत्तांत सांगतात की नाही हे मला ठाऊक नव्हतं. शाळा सुटल्याचं मला पहिल्यांदा त्या खोडावर बसून वाईट वाटलं. त्याआधी नुसती सोय-गैरसोय वाटत होती.

शेतकऱ्याबरोबर परत आलो तर घाटावर मिठाची पोती होती, पोत्यांवर राखणीला बसलेला गावचा एक माणूस होता, आणि नाव नव्हती.

"नाव कुठे गेली?"

"गेली ना. कवाची."

"पण मी राहिलो!"

त्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं. "तू तं गाठोडं घेऊन गेला. उतरला ना?"

तेव्हा मला रीत कळली. या नदीवर जो परत यायचा असतो तो काहीतरी नावेत ठेवून उतरतो. पिशवी, काठी, नाहीतर एक चप्पल. नावाडी माणसं मोजत नाही, राहिलेल्या वस्तू पाहतो. जो सगळं घेऊन उतरला त्याचा प्रवास संपला. बांगड्यावालीने मला कासवापासून चुलीपर्यंत सगळं सांगितलं होतं, हे एवढंच सांगितलं नव्हतं. कारण असं काही माणसाला सांगावं लागतं हेच तिच्या मनात आलं नसेल.

माझ्या डोळ्यांपुढे आधी शेठची ओसरी आली. मग रेंजर दिसला, आपल्या घोड्यावर बसून निघालेला. गाठोड्यातला हातोडा पाठीत लागत होता, आणि तो माझ्यापाशी सुखरूप होता याचा काही उपयोग नव्हता.

पोत्यावरचा माणूस आणि शेतकरी आपसात तेलुगूत काही बोलले. मग पोत्यावरच्याने मला समजावलं. नदी इथून मोठं वळण घेते, वळणाच्या खाली खडक आहेत, तिथे नाव दुपारची थांबते. वळणाच्या आतून पायवाट आहे. "पयत गेलास तं सापडन. नाई तं नाई. जेवणं झाले का थे लोकं थांबत नाईत, पानी उतरून राह्यलं." शेतकरी पुढे निघालाच होता.

त्या वाटेचं मला फारसं काही आठवत नाही. बांबू, वाळलेला नाला, पुन्हा बांबू. शेतकरी पळत पुढे, मी मागे. मुरमुरे खायला किती वेळ लागतो याचा मी हिशेब करत होतो, आणि हिशेब दर वेळी आधीपेक्षा कमी येत होता. एकदा पडलो तेव्हा आधी हातोडा चाचपला, मग गुडघा.

नदी दिसली तेव्हा सूर्य कलला होता. आणि खडकांच्या वर, काठाला बांधलेली, नाव उभी होती.

माणसं सावलीला पसरली होती. नावाडी तोंडावर उपरणं घेऊन आडवा होता. काठावर तीन दगडांची चूल होती, तिच्यावर एक पातेलं होतं, इकडे त्याला गंज म्हणतात, आणि बांगड्यावाली लाकडं सारत बसली होती. मला पाहून तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. तंबाखूवाला बोलला.

"आला बापा. बाई, आतातरी उतरव थो गंज."

"कच्चे आहेत आजून."

"कच्चे राह्यनच. दिवसभर शिजवसीन तरी कच्चेच राह्यन."

नावाड्याने तोंडावरचं उपरणं काढलं. "नाव सुटली तवा हे म्हणाली, पोट्टा राह्यला. मी म्हटलं, गाठोडं घेऊन गेला, उतरला थो, नाव फिरवत नसतो मी. हे चूप. मले वाटलं समजली. इथी आली, आन कुळीथ काढले."

"मले आज कुळीथच खावासे वाटून राह्यले."

"भात घाल म्हटलं, तं म्हंते वायू होते."

"होते मले वायू."

मी गंजात पाहिलं. आमच्या कोकणात कुळीथ घरोघरी. आदल्या दिवशी भिजत घातल्याशिवाय कोणी अख्खे कुळीथ चुलीवर चढवत नाही. हे दाणे कोरडेच टाकलेले होते. टणक, वेगवेगळे, गढूळ पाण्यात खाली-वर नाचत होते. ती मधून मधून गार पाणी ओतत होती. नावाड्याला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण चुलीवर जुन्या माणसाचं अन्न होतं, आणि ते शिजलं नाही हे ती सांगत होती. तिच्या गंजात चमचा घालून पाहायचा हक्क त्याला नव्हता.

मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिने पळी आडवी धरली.

"पाया पडू नको, दूर हो, राख उडते. साग होता का?"

"नव्हता, बाई."

"मंग काय होतं?"

"माहीत नाही."

"मंग काय पाह्यलं तू इतला येळ?" ती चिडून म्हणाली. "नाव इथी खोळंबली, माह्ये कुळीथ गेले."

मी तिला साल सांगितली, वर्तुळं सांगितली, वास नसल्याचं सांगितलं, विळ्याचं सांगितलं. गाठीचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"गाठ होती? म्हंजे फांदी होती थ्याले."

"हो."

"म्हंजे पाखरं बसत असन."

"असतील."

"बरं," ती म्हणाली, आणि गंज उतरवला. सगळ्यांना तिने पळी-पळी वाढलं, मलाही, आणि माझ्याबरोबर आलेल्या शेतकऱ्यालाही. दाणे दातांखाली खड्यासारखे वाजत होते. तंबाखूवाला म्हणाला, याच्यापेक्षा तुझी दगडाची झाडं मऊ असतील. कोणी टाकलं मात्र नाही.

मग नाव रिकामी केली आणि दोर काढले. मी कोणी न सांगता दोराला हात घातला. नावाडी मला ओळीत उभं करता करता म्हणाला, "पुढच्या खेपेले एक चप्पल तरी ठेवून जाजो." खडकांत पाणी कमी झालं होतं, नाव दोनदा घासली, एकदा अडकली. माझ्या तळहाताची साल निघाली. त्यात मला बरं वाटलं, कारण तेवढा वेळ रेंजर डोक्यातून गेला होता.

सिरोंच्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बांगड्यावालीची पेटी मी घाटावर चढवून दिली. काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण तिला न्यायला कोणी आलं होतं आणि ती त्याच्याशी घरच्या खुडूक कोंबडीबद्दल बोलत निघून गेली.

सकाळी उजाडता उजाडता डेपोवरच्या मुकादमाने हातोडा हातात घेऊन तोलला आणि पहिल्या ओंडक्यावर मारला. अक्षरं स्वच्छ उठली. दुपारी रेंजर आला तेव्हा आमचे लोक शेवटच्या तराफ्यावर होते. त्याने आपला छाप मारायला सुरुवात केली, घाम पुसला, पाणी मागितलं, पुन्हा सुरुवात केली. रेंजरबरोबर रानवाटेने आलेला शेठ काठावर उभा होता. त्याने मला विचारलं, "वाटेत काही अडचण?" मी म्हणालो, "नाही, शेठ." त्याने मान डोलावली आणि माझ्या हाताकडे पाहून कोणाला तरी खोबरेल आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तराफे सुटले. ओंडके इतके संथ हलले, की आधी काठच सरकतोय असं वाटलं. मग तराफेवाल्यांनी बांबू रोवले आणि ते धारेला लागले. माझ्या जवळून जाणाऱ्या तराफ्यावर एक म्हातारा उकिडवा बसून विडी ओढत होता. मी काठाने त्याच्याबरोबर चालत राहिलो. विचारलं, हे कुठपर्यंत जातं.

"राजमहेंद्री."

"आणि पुढे?"

"पुढे समुद्र."

मी लहानपणापासून पाहिलेल्या समुद्रात सूर्य बुडतो. तिकडच्या समुद्रातून तो वर येत असणार. मी विचारलं, सकाळी तो पाण्यातून बाहेर येताना कसा दिसतो.

"मले नाई माहीत. लाकूड उतरवलं का आमी माघारी."

"इतकी वर्षं जाता, आणि एकदाही पाहिला नाही?"

तो विडी विझवून कानावर ठेवत म्हणाला, "तू पाहून आला तं सांगजो मले." मग तराफा मधल्या धारेला गेला, आणि मी अजून काही विचारत होतो ते त्याला ऐकू गेलं नाही.